वीज वाचवणारा डबा

दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते. बाबा व्हरांड्यात उन्हाकडे पाठ करून बसले होते. डोक्यावर कानटोपी, मांडीवर विजेचं बिल. सकाळपासून ते बिल ते तिसऱ्यांदा वाचत होते. छत्तीस वर्षं ग्वाल्हेरच्या गोरखी भागातल्या शाळेत संस्कृत शिकवल्यामुळे कुठलाही कागद हातात आला की त्यात चूक असणारच, अशी त्यांची खात्री असते. तेवढ्यात फाटकापाशी टाय लावलेला, खांद्याला बॅग अडकवलेला एक माणूस थांबला आणि म्हणाला, "गुरुजी, लगता है बिजली का बिल बहुत आ रहा है।"

मी त्या वेळी शाळेत शिकवायला गेले होते. पुढची हकीकत मला आईने सांगितली. बाबा इतके चकित झाले म्हणे की त्यांनी त्याला सरळ आत बोलावलं.

"त्याला कळलं कसं?" ते संध्याकाळीसुद्धा मला विचारत होते.

"तुमच्या हातात बिल होतं," आई म्हणाली.

"हो, पण जास्त आलंय हे कसं कळलं?"

त्या माणसाने बॅगेतून साबणाच्या पेटीएवढा पांढरा डबा काढला. त्याला मागे प्लग आणि पुढे एक हिरवा दिवा. हा डबा घरातल्या कुठल्याही सॉकेटमध्ये लावून ठेवायचा, बाकी काही करायचं नाही. भटकणारी वीज तो पकडतो, तिला वळण लावतो आणि परत कामाला जुंपतो. आमचे पूर्वज दक्षिणेतून इथे आले ते दरबारातले पुरोहित म्हणून. तेव्हापासून आजपर्यंत आमच्या घराण्यात कुणी स्क्रूसुद्धा फिरवलेला नाही. पण भटकणाऱ्याला वळण लावणं ही गोष्ट बाबांना पटकन समजली. त्यांनी जन्मभर तेच केलं होतं. शिवाय तो माणूस त्यांना दर वाक्याला गुरुजी म्हणत होता.

मी घरी आले तेव्हा डबा देवघराशेजारच्या सॉकेटमध्ये बसलेला होता आणि बाबा त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले होते.

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. मी म्हटलं, "बाबा, असं काही नसतं. असा डबा लावून बिल कमी होत नाही."

"तुझं शास्त्र पुस्तकातलं," बाबा म्हणाले. "हा दिवा बघ. लागलाय ना?"

"दिवा लागलाय म्हणजे उलट तो डबाच वीज खातोय."

"थोडं खाल्ल्याशिवाय काम कोण करतं?"

मी आणखी काही बोलणार होते, पण आईने स्वयंपाकघरातून हाक मारली. आत गेले तर तिने दार लोटून घेतलं.

"काही बोलू नकोस," ती म्हणाली. "आंब्याचं आठवतंय ना?"

आठवत होतं. दोन वर्षांपूर्वी बाबांनी एका फेरीवाल्याकडून बिनकोयीच्या आंब्याचं कलम घेतलं होतं. वर्षभर त्याला दोन वेळा पाणी घातलं, थंडीत पोतं गुंडाळलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला पहिल्या पेटीचं आमंत्रण दिलं. मग एक दिवस पुण्याहून आमचे मामा आले. त्यांनी झाडाकडे बघून विचारलं, "अशोक छान वाढलाय, कुठून आणलात?" त्यानंतर बाबा आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. जेवायचे, पोथी वाचायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे. आईने ते आठ दिवस कसे काढले ते तिलाच माहीत.

"आता पुन्हा ते नको," ती म्हणाली. "राहू दे डबा. कुणाचं काय बिघडतंय?"

बिघडलं ते असं, की डबा आल्यावर बाबांचा हात सैल सुटला. आधी ते रूम हीटर अर्धा तास लावत. आता सकाळपासून दुपारपर्यंत. पाण्याची मोटार चालू करायची आणि पेपर वाचत बसायचं ही त्यांची जुनी सवय. टाकी भरून पाणी गच्चीवरून अंगणात धबधबा कोसळायला लागलं की ते उठत. आता तेही उठेनात. मी ओरडले की म्हणायचे, "डबा आहे."

पुढचं बिल आलं ते आधीच्यापेक्षा मोठं.

बाबांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मग सावरून म्हणाले, "तो सांगून गेला होता. पहिला महिना डब्याला घराची ओळख व्हायला लागतो." एवढं बोलून ते डब्याकडे बघत राहिले. पेपरात नापास होऊ घातलेल्या लाडक्या विद्यार्थ्याकडे बघावं तसं.

त्या दुपारी ते झोपल्यावर आई माझ्याजवळ येऊन बसली. "तू शास्त्र शिकवतेस ना? मग सांग, बिल खरंच कमी करायचं तर काय काय करावं लागतं?"

मी सांगत गेले, ती ऐकत गेली. तिने काही लिहून घेतलं नाही. चौथी शिकलेल्या बाईच्या सूनबाईला सगळं तोंडपाठ ठेवायची सवय लागते, असं ती नेहमी म्हणते. माझ्या आजीने तिला घरातला एकही हिशेब कधी कागदावर करू दिला नव्हता. माझं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "सगळ्यात जास्त कोण खातं?"

"थंडीत? गीझर आणि हीटर."

"मग गीझर बिघडला," आई म्हणाली आणि उठून गीझरचं बटण बंद करून आली.

बाबांना सांगितलं की आतला एक पार्ट जळलाय, तो इंदूरहून यायचाय. दुकानदार आईच्या माहेरच्या ओळखीतला होता. त्याला फोन करून तिने बजावून ठेवलं, की साहेबांचा फोन आला तर पार्ट निघालाय म्हणून सांगायचं. हीटरचं काम त्याहून सोपं झालं. आई एका सकाळी नुसती म्हणाली, "तुमचा आवाज जरा बसल्यासारखा वाटतोय. त्या हीटरच्या कोरड्या हवेने असेल का हो?" बाबा रोज सकाळी स्तोत्रं म्हणतात आणि आपल्या आवाजाला फार जपतात. त्याच दिवशी हीटर माळ्यावर गेला.

मग आम्ही दोघी कामाला लागलो. सगळं काम दुपारी तीन ते पाच, बाबांच्या झोपेच्या वेळात. घरात अजून चार जुने पिवळे दिवे होते, ते मी एकेक करून बदलले. फ्रिज भिंतीला चिकटून उभा होता, तो ओढून वीतभर पुढे घेतला. त्याच्या दाराचं रबर चिकट झालं होतं, ते आईने कोमट पाण्याने पुसून काढलं. टीव्ही रिमोटने बंद केला तरी त्याचा सेट-टॉप बॉक्स रात्रंदिवस जागा असतो, म्हणून तो भिंतीवरच्या बटणानेच बंद करायचा नियम झाला. बाबांचे सदरे इस्त्रीऐवजी गादीखाली जायला लागले. मोटार लावली की मी मोबाइलमध्ये गजर लावायची आणि गजर वाजला की आई धावत जाऊन मोटार बंद करायची.

"हा गजर कशाचा?" बाबांनी एकदा विचारलं.

"माझ्या गोळीचा," आई म्हणाली.

"रोज वेगवेगळ्या वेळेला?"

"डॉक्टरांनी तसंच सांगितलंय."

राहिला प्रश्न बाबांच्या अंघोळीचा. गॅसवर पाणी तापवायला आई तयार नव्हती. एका बिलातून काढून दुसऱ्यात घालायचं तर इतकी मेहनत कशाला, असं तिचं म्हणणं. तिने गच्चीवर एक जुना काळा ड्रम धुऊन ठेवला, त्यात पाणी भरलं आणि वर काच टाकली. ग्वाल्हेरच्या पौषात सकाळी दहापर्यंत समोरचं घर दिसत नाही इतकं धुकं असतं. त्यामुळे ते पाणी तापायला दुपारचा एक वाजायचा. साठ वर्षं पहाटे अंघोळ करणाऱ्या माणसाची अंघोळ दुपारी एकवर गेली. अंघोळीशिवाय पूजा नाही, पूजेशिवाय जेवण नाही. आमच्याकडे देव दुपारी दीडला उठायला लागले आणि जेवणं अडीचला.

बाबा कुरकुरायचे, दुकानदाराला फोन लावायचे, तो "पार्ट निघालाय सर" म्हणायचा. पण मनातून ते खूष होते. कारण पुढचं बिल आलं ते निम्म्यावर.

ते बिल हातात घेऊन ते घरभर फिरले. मला हाक मारून उभं केलं. "बोल. पुस्तकात काय लिहिलंय?"

मी आईकडे पाहिलं. आई पोळी लाटत होती आणि तिचं लक्ष फक्त पोळीत होतं.

"चुकलं माझं," मी म्हटलं. भौतिकशास्त्राच्या शिक्षिकेला हे बोलताना काय वाटतं ते मीच जाणे.

इथवर ठीक होतं. पण बाबांना चांगली गोष्ट एकट्याने भोगता येत नाही. आठ दिवसांत त्यांनी त्या टायवाल्याला शोधून काढलं आणि आमच्या दर्पण कॉलनीतल्या गल्लीसाठी सहा डबे घेतले. घरोघरी स्वतः जाऊन स्वतःच्या हाताने सॉकेटमध्ये लावून आले. समोरच्या बँकवाल्या अंकलकडे, कोपऱ्यावरच्या काकांकडे, सगळीकडे. कोपऱ्यावरच्या काकांचं घराणं फौजेतलं, मिशा अजून तशाच. त्यांनी डबा हातात तोलून पाहिला आणि म्हणाले, "वजन आहे. माल चांगला दिसतो."

आईला हे कळलं तेव्हा ती खालीच बसली. "सहा?"

"सहा," मी म्हटलं.

"त्यांची बिलं कोण कमी करणार?"

तिने एक दिवस विचार केला. संक्रांतीचं हळदीकुंकू व्हायचंच होतं. तिने त्या सहाही घरच्या बायकांना बोलावलं, मराठी-हिंदी सगळ्यांना, आणि वाण द्यायच्या आधी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. बाबा बाहेरच्या खोलीत होते. आईने सगळं खरं खरं सांगितलं. आंब्यापासून.

समोरच्या आंटी हसून हसून फ्रिजला टेकल्या. "तो क्या हमारा डिब्बा भी झूठा है?"

"बिलकुल झूठा," आई म्हणाली. "पर बिल कम होना चाहिए. सरांची इज्जत आहे."

"ते ठीक आहे," कोपऱ्यावरच्या काकू म्हणाल्या, "पण आमच्याकडे वीज मी नाही खर्च करत. हे करतात. यांना गीझर चालू केला की बंद करायचं माहीतच नाही."

"तुमचा गीझर कधीचा आहे?" आईने विचारलं.

"होईल बारा वर्षं."

"मग बिघडायला आला असेल."

त्या आठवड्यात आमच्या गल्लीतले आणखी सहा गीझर बिघडले. सगळ्यांचे पार्ट इंदूरहून यायचे होते. बाबा म्हणाले, हा कंपन्यांचा डाव आहे, डब्यामुळे त्यांचा धंदा बसणार म्हणून मुद्दाम चाललंय. बँकवाल्या अंकलना ते तंतोतंत पटलं.

आणि मग मी एक दृश्य पाहिलं. शाळेला सुट्टी होती. दुपारी एक वाजता गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेले तर गल्लीतल्या प्रत्येक गच्चीवर एक काळा ड्रम आणि त्याच्याशेजारी पंचा गुंडाळलेला एकेक निवृत्त पुरुष. बँकवाले अंकल दात वाजवत डोक्यावर तांब्या ओतत होते. कोपऱ्यावरचे काका थंडी वाजत नाही हे दाखवायला छाती पुढे काढून उभे होते आणि त्यांच्या मिशांतून पाणी ठिबकत होतं. मला बघून सगळे एकदम ड्रमांच्या मागे बसले. मी कपडे तिथेच टाकून खाली पळाले. त्यानंतर बायकांनी ठराव केला की एक ते दीड गच्चीवर कुणी जायचं नाही.

पण खरं सांगायचं तर त्या पुरुषांना मजा यायला लागली होती. वर्षानुवर्षं शेजारी राहून ज्यांचं नमस्कारापलीकडे बोलणं नव्हतं, ते आता गच्चीवरून गच्चीवर गप्पा मारायचे. "सर, आज तो पानी एकदम फर्स्ट क्लास है!" "अजी, थोड़ा रुकिए, अभी धूप और आएगी!" फेब्रुवारीत सगळ्यांची बिलं आली आणि सगळ्यांची उतरलेली. बाबांचा गल्लीतला मान इतका वाढला की लोक त्यांना वायरिंगबद्दल सल्ला विचारायला लागले. आणि ते द्यायलाही लागले.

मार्चच्या मध्यावर बाबांनी जाहीर केलं, की डब्याचं सामर्थ्य आता सिद्ध झालंय, तेव्हा पाडव्याच्या मुहूर्तावर घरात एसी आणायचा. एक नाही, दोन.

आईचा चेहरा पांढरा पडला. मला बाजूला घेऊन म्हणाली, "दोन एसींपुढे मी काय काय बंद करू? फ्रिज विकू?"

तिला काही करावं लागलं नाही. जे करायचं ते बाबांनीच केलं.

पाडव्याच्या दिवशी गुढी उभारली, पूजा झाली, आणि बाबांच्या मनात आलं की ज्याने वर्षाचं भलं केलं त्याची पूजा नको का? त्यांनी डब्याला गंध लावलं, हळदकुंकू वाहिलं, कडुलिंबाची डहाळी खोवली. मी म्हटलं, "बाबा, त्याला पाणी लावू नका हं." ते म्हणाले, "प्रोक्षण म्हणजे पाणी नव्हे." आणि फुलाने तीर्थ शिंपडलं.

फट् करून आवाज झाला. डब्यातून निळा धूर निघाला, सगळ्या घराची वीज गेली आणि बाबा दोन पावलं मागे येऊन आईच्या पायावर उभे राहिले. नशीब म्हणून कुणाला काही झालं नाही. मी मेन स्विच बंद केला आणि इलेक्ट्रिशियनला बोलावलं.

तो आला, त्याने डबा सॉकेटमधून काढला, पेचकसाने उघडला आणि बाबांच्या हातात दिला. आत एक बोटभर वायर, तो हिरवा दिवा आणि एक सिमेंटचा गोळा.

"ये क्या है?" बाबांनी गोळ्यावर बोट ठेवून विचारलं.

"सीमेंट है, बाबूजी. वजन के लिए डालते हैं, वरना हल्का लगता है।"

इलेक्ट्रिशियन फ्यूज बदलून निघून गेला. बाबा खुर्चीवर बसले, सिमेंटचा गोळा तळहातावर घेऊन. आई आणि मी त्यांच्यासमोर उभ्या. मला वाटलं, झालं, आता आठ दिवस भिंतीकडे तोंड. सणाचं जेवण तसंच राहणार.

तेवढ्यात त्यांनी मान वर केली. "मग बिल कसं कमी झालं?"

आईने सांगितलं. दिवे, फ्रिज, टीव्ही, मोटार, गादीखालचे सदरे, सगळं. तिचा आवाज खाली खाली जात होता. बाबा ऐकत होते. मध्येच त्यांनी हात वर केला.

"थांब. गोळीचा गजर?"

"मोटारीचा होता."

"गीझर?"

आई बाबांनी तुडवलेला पाय चोळायला लागली.

"गीझर चांगला आहे?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो."

"मी चार महिने," बाबा उठून उभे राहिले, "चार महिने दुपारी एक वाजता, थंडीत, गच्चीवर..." त्यांनी तोंडावर हात धरला. मला वाटलं ते रडतायत. मग लक्षात आलं, ते हसत होते. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "आणि तो बँकवाला!" ते कसेबसे म्हणाले. "त्याचाही?"

"सगळ्यांचेच," आई म्हणाली, आणि मग तिलाही आवरेना.

हसून झाल्यावर बाबांनी काय केलं, तर गीझर चालू केला. बाहेर चैत्राचं ऊन तापलं होतं आणि ते पाऊण तास कढत पाण्याने अंघोळ करत होते. आम्ही दोघींनी त्यांना एका शब्दाने अडवलं नाही.

जेवण झाल्यावर मात्र ते गंभीर झाले. "मी लोकांना फसवलंय," म्हणाले. "नकळत का होईना. जाऊन सांगायला हवं. शिवाय तो डबा कुणाच्या घरी पेटला तर?" सदरा घालून, सिमेंटचा गोळा खिशात टाकून ते निघाले. मी सोबत गेले.

पहिलं घर समोरचं. बाबांनी गोळा अंकलच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. फक्त बायकांचं नाव मध्ये आणलं नाही. एवढंच म्हणाले, की डबा खोटा आहे, बिल दुसऱ्या कारणांनी कमी झालं असणार.

अंकलनी गोळा उलटसुलट करून पाहिला. "सर, आपका वाला नकली निकला होगा। हमारा तो बढ़िया चल रहा है।"

"अहो, सगळे एकाच बॅगेतले आहेत!"

"हमारा बिल आधा हो गया, सर। आधा!" ते आत जाऊन बिल घेऊन आले. त्यांच्या मागे आंटी दारात उभ्या होत्या आणि बाबांकडे बघून हळूच मान हलवत होत्या. नको, सांगू नका.

"आग लागेल," बाबा शेवटी म्हणाले.

यावर अंकल थोडे विचारात पडले. तेवढ्यात आंटी पुढे आल्या, "मैं बंद करके अलमारी में रख देती हूँ। बिना लगाए भी काम करता है, मैंने पढ़ा है।" आणि अंकलनी ते मान्य केलं. सहाही घरांत थोड्याफार फरकाने हेच झालं. कोपऱ्यावरच्या काकांनी तर डबा तलवारीशेजारी काचेच्या कपाटात ठेवला. बाबांना एकही डबा परत मिळाला नाही, पण सॉकेटमधून सगळे निघाले, एवढ्यावर त्यांनी समाधान मानलं.

एसीचा विषय पुन्हा निघाला नाही. बाबांनी आईकडून सगळं पहिल्यापासून समजून घेतलं आणि वहीत मुद्देसूद उतरवलं. तेव्हापासून आमचे हाल सुरू झाले. छत्तीस वर्षं वर्ग सांभाळलेला माणूस आता घर सांभाळतो. फ्रिज उघडला की मागून आवाज येतो, "काय हवंय ते आधी ठरवलं होतं का?" मी खोलीतून दोन मिनिटांसाठी उठले तरी पंखा बंद झालेला असतो. परवा मी बाथरूममध्ये डोक्याला शांपू लावून उभी होते आणि दिवा गेला.

"बाबा! मी आत आहे!"

"मग आवाज करत राहायचं," बाहेरून बाबा म्हणाले. "मला कसं कळणार? गाणं म्हण."

अंधारात डोळे मिटून मी गाणं म्हणायला लागले. दुसऱ्या कडव्यापाशी दिवा लागला.